उचल

बाजाराच्या दिवशी सोनाळ्यात कापडवाला ताडपत्री अंथरतो, तिच्यावर जुनी चादर टाकतो आणि लुगड्यांची, साड्यांची, झंपरच्या तुकड्यांची चळत मांडून बसतो. मागे सातपुडा आणि अंबाबरव्याचं जंगल, पुढे संग्रामपूर तालुक्यातली कपाशीची काळी रानं. डोंगराकडून कोरकू बाया उतरून येतात. खालच्या खेड्यांतून निंदणा-वेचणीच्या मजुरीचे पैसे कनवटीला लावून दुसऱ्या येतात. कापड बघायची त्यांची रीत एकच. आधी बोटं, मग डोळे. काठ चिमटीत धरायचा, पोत अंगठ्याखाली चोळायचा, घडी मोडून उजेडाकडे धरायची, सोबतिणीच्या खांद्यावर टाकून बघायची. ‘‘भाऊ, थो हिरवा दाखवा बरं.’’ दहा घड्या मोडून झाल्या की उठून पुढच्या ताडपत्रीकडे. कापडवाला कुरकुरतो, पण हात लावू नका असं म्हणत नाही. हात लावू दिल्याशिवाय लुगडं खपत नाही. आणि हात लावू दिला की कधीतरी एखादी घडी कमी भरते. दोन्ही गोष्टी त्याने धंद्यात धरलेल्या असतात.

या कमी भरलेल्या घडीचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात बायका ठळक दिसतात. घरफोडी, दरोडा, वाटमारी हे बहुतेक पुरुषांचे गुन्हे. दुकानातली उचलेगिरी मात्र जगभरच्या कोर्टांनी बाईच्या नावावर टाकली. यात नवल काही नाही, कारण दुकानात बाईच जात होती. मला त्याहून वेगळ्या गोष्टीचं कुतूहल आहे. तीच वस्तू, तसाच हात, तसाच पदराआडचा क्षण असूनही त्या कृत्याला दर वेळी वेगळं नाव पडत गेलं. कुठे तो फाशीचा गुन्हा ठरला, कुठे आजार, कुठे जात.

नावांचाच विषय आहे तर मराठीपासून सुरुवात करू. आपल्याकडे ‘उचल’ हा प्रतिष्ठित शब्द आहे. सालदार मालकाकडून उचल घेतो, ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो. पुढच्या कष्टांवर आज घेतलेला पैसा म्हणजे उचल. तीच क्रिया दुकानात न विचारता झाली की ‘उचलली’, आणि करणारा ‘उचल्या’. इंग्रजांनीही या चोरीसाठी ‘उचलणं’ हेच क्रियापद निवडलं. १५९० च्या सुमारास रॉबर्ट ग्रीन नावाच्या लेखकाने लंडनच्या भामट्यांवर पुस्तिका लिहिल्या. त्यांत दुकानातून माल लांबवणाऱ्या तिघांची साखळी आहे: उचलणारा तो ‘लिफ्ट’, त्याच्याकडून माल घेणारा ‘मार्कर’ आणि बाहेर वाट बघत उभा असलेला ‘सँटार’. त्याच्या या वर्णनात हे पुरुषांचं काम आहे. पुढच्या शंभर वर्षांत चित्र पालटलं, आणि ते पालटायला आपल्याकडचं कापड कारणीभूत झालं.

सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये हिंदुस्थानी सुती कापडाचं वेड होतं. कालिकतवरून नाव पडलेलं कॅलिको, बंगालची मलमल, छापील छीट. हलकं, धुतलं तरी रंग न सोडणारं, आणि घडी केली की मुठीत मावणारं. लोकरीचा तागा पदराखाली दडवणं अवघड; मलमलीचं तसं नाही. त्याच काळात दुकानांचंही रूप बदललं. काचेची तावदानं आली, आत खुर्च्या आल्या, गिऱ्हाइकापुढे ताग्यावर तागा उलगडून दाखवण्याची रीत आली. आपल्याकडे गादीवर बसलेला शेठ करायचा तेच. तिथले इंग्रज विणकर या कापडावर इतके चिडले, की १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर त्यांनी बायकांच्या अंगावरचे कॅलिकोचे झगे फाडले. १७२१ मध्ये संसदेने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. झगा फाडणाऱ्यांचं पुढे काय झालं ते सोडून देऊ. दुकानातून कापड उचलणाऱ्या बाईसाठी मात्र कायदा त्याआधीच तयार होता.

तो १६९९ चा. दुकान, वखार, गाडीखाना किंवा तबेला यांतून पाच शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल गुपचूप चोरला तर फाशी. चोर पकडून शिक्षेपर्यंत नेणाऱ्याला एक दाखला मिळे. तो दाखवला की त्या भागातल्या बिनपगारी सरकारी कामांतून सुटका. फाशीच्या टायबर्न माळावरून लोक त्याला ‘टायबर्न तिकीट’ म्हणत. ते विकताही येई. बाईच्या गळ्याला फास लावून मिळवलेली सवलत बाजारात खपत होती, असा त्याचा सरळ अर्थ.

ज्यूरीत बसणारे लोक मात्र शेवटी दुकानदार आणि कारागीरच होते. समोर उभ्या मोलकरणीला एका रेशमी रुमालासाठी लटकवणं त्यांच्या जिवावर येई. मग ते मालाची किंमत स्वतःच ठरवत: चार शिलिंग दहा पेन्स. पाचाला दोन पेन्स कमी. ओल्ड बेली या लंडनच्या कोर्टाच्या कागदांत हा आकडा पुन:पुन्हा भेटतो. दुकानदार सांगतो माल दोन पौंडांचा, ज्यूरी म्हणते चार शिलिंग दहा पेन्स, आणि बाई जगते. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने याला धर्मासाठी केलेली खोटी शपथ म्हटलं आहे. आपल्याकडचे पंचही पंचनाम्यात ‘अंदाजे किंमत’ लिहिताना पेन थोडं थांबवतात, तेव्हा मला ही ज्यूरी आठवते.

मेरी जोन्सच्या वेळी पेन थांबलं नाही. वय एकोणीसच्या आसपास. नवरा आरमारात जबरदस्तीने भरती करून नेलेला. तेव्हा सरकारी टोळ्या रस्त्यावरून धडधाकट माणसं धरून जहाजांवर चढवत, आणि ते पूर्ण कायदेशीर होतं. घर गेलं, पदरी दोन मुलं. १७७१ मध्ये लंडनच्या लडगेट भागात एका कापडाच्या दुकानातून मलमलीचे चार तुकडे घेतल्याचा आरोप तिच्यावर आला. किंमत लावली पाच पौंडांच्या वर. ती पाच शिलिंगांखाली आणायची तर ज्यूरीला फारच मोठं खोटं बोलावं लागलं असतं. ऑक्टोबरात तिला टायबर्नला फाशी दिली. सहा वर्षांनी सर विल्यम मेरेडिथ यांनी फाशीच्या कायद्यांविरुद्ध संसदेत भाषण केलं आणि तिची हकीकत सांगितली: गाडी माळाकडे निघाली तेव्हा मूल तिच्या अंगावर पीत होतं. पुढे डिकन्सने ‘बार्नबी रज’ कादंबरीच्या प्रस्तावनेत ती पुन्हा सांगितली. यात एक बारीक गोष्ट आहे. कोर्टाच्या नोंदीत मलमल आहे. मेरेडिथ यांच्या भाषणात ते जाडंभरडं कापड झालं, आणि तेही तिने दुकानदाराने बघताच परत ठेवलं. दया यायची तर गरीब बाईने गरीब कापडच उचललेलं हवं. तिला मलमल आवडली असेल, हे सहानुभूतीलाही झेपलं नाही.

याच्या उलट टोकाला जेन ली पेरो. ही लेखिका जेन ऑस्टेनची मामी, श्रीमंत जमीनदाराची बायको. ऑगस्ट १७९९ मध्ये बाथ शहरात तिने काळी लेस विकत घेतली. पुडक्यात वीस शिलिंगांची पांढरी लेसही निघाली. दुकानदारीण म्हणाली चोरली, ती म्हणाली दुकानातल्या माणसाने चुकून बांधली. वीस शिलिंग म्हणजे कायद्याने फाशी किंवा हद्दपारी. खटला उभा राहीपर्यंत सात महिने ती तुरुंगात होती, म्हणजे प्रत्यक्षात तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी, नवऱ्यासह, भाडं भरून. मार्च १८०० मध्ये टॉण्टनला खटला चालला. मोठमोठ्या लोकांनी तिच्या चारित्र्याची ग्वाही दिली आणि ज्यूरीने काही मिनिटांत तिला सोडलं. तिने लेस घेतली होती का, यावर ऑस्टेनचे अभ्यासक अजून भांडतात. मेरी जोन्सच्या बाजूने बोलायला असे प्रतिष्ठित साक्षीदार नव्हते.

आणि एस्थर अब्राहम्स. १७८६ मध्ये दुकानातून चोवीस यार्ड काळी रेशमी लेस नेल्याबद्दल तिला सात वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेल्या पहिल्याच ताफ्यात ती होती, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. बोटीवर जॉर्ज जॉन्स्टन या अधिकाऱ्याशी तिचं जमलं. १८०८ मध्ये तिथल्या सैनिकांनी गव्हर्नरला उलथवलं तेव्हा वसाहतीचा कारभार काही महिने याच जॉन्स्टनच्या हाती होता. लेसचोर बाई राज्यकर्त्याच्या घरात पोचली ती अशी. कोर्टात इतकी माणसं भेटतात, पण नशिबाने अशी कलाटणी फार थोड्यांना दिली.

आता जरा कपड्यांकडे वळू, कारण चोरीचं अर्धं तंत्र तिथे असतं. अठराव्या शतकातल्या इंग्रज बाईचा खिसा कपड्याला शिवलेला नसे. कमरेला नाडीने बांधलेली एक पिशवी असे, घागऱ्याच्या आत. घागऱ्याला फट ठेवून तीतून हात आत घालायचा. दोन्ही बाजूंना बांधलेल्या अशा पिशव्यांत चाव्या, सुया, बिस्किटं, प्रसंगी अख्खं कापड मावे. आपल्या नऊवारीत शिवलेला खिसा नाहीच, पण जागा किती! कनवट, ओचा, पदराची गाठ, आणि ओटी. मराठी बाईची ओटी ही चमत्कारिक जागा आहे. तिच्यात नारळ-तांदूळ पडतात, खण पडतो, माहेरचा आशीर्वाद पडतो. कपाशीच्या रानात तिच्यातच कापूस पडतो. आणि फौजदाराने बाईला ‘झडती द्या’ म्हटलं की पहिली नजर तिथेच जाते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसने या गोष्टीला नवं वळण दिलं. आरिस्तीद बूसिको याने १८५२ पासून ‘बॉन मार्शे’ हे दुकान वाढवलं. भाव लिहिलेला, घासाघीस नाही, आत यायला घेण्याची सक्ती नाही, आणि माल टेबलांवर उघडा पसरलेला. दाखवणारा माणूस मधून काढून टाकला. बाई आणि कापड यांच्यामध्ये कुणी उरलंच नाही. थोड्याच वर्षांत दुकानाच्या पहारेकऱ्यांना विचित्र चोर सापडू लागले: डॉक्टरांच्या बायका, न्यायाधीशांच्या बहिणी, पर्समध्ये पैसे असलेल्या. एमिल झोलाने १८८३ च्या आपल्या कादंबरीत अशाच दुकानात एका काउंटेसला लेस चोरताना पकडलं आहे. यांना चोर कसं म्हणायचं? मग शब्द शोधला गेला. १८१६ मध्ये मात्ते नावाच्या स्विस डॉक्टरने कारणाशिवाय चोरी करण्याच्या झपाटलेपणाला नाव दिलं होतं, पुढे फ्रेंच वैद्यांनी त्याचं ‘क्लेप्टोमेनिया’ केलं. मोठी दुकानं आली आणि हा शब्द सुगीला आला. १९०२ मध्ये पॉल द्युब्विसाँ या डॉक्टरने मोठ्या दुकानांतल्या चोरट्या बायकांवर अख्खं पुस्तकच लिहिलं. पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचं वय, गर्भाशय... बाईच्या शरीरातली जी जी गोष्ट पुरुषात नसते, ती ती चोरीचं कारण म्हणून मांडली गेली.

एला कॅसलचं प्रकरण याचा नमुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चहाच्या व्यापाऱ्याची ही बायको १८९६ मध्ये लंडनला आली होती. हॉटेलातल्या तिच्या सामानात फरचे कपडे, पंखे, घड्याळं आणि हॉटेलचंच नाव कोरलेल्या पाव ठेवायच्या जाळ्या निघाल्या. तिने गुन्हा कबूल केला, तीन महिन्यांची शिक्षा झाली. डॉक्टरांनी प्रमाणपत्रं दिली आणि गृहमंत्र्याने काही दिवसांतच तिला सोडलं. मायदेशी परतल्यावर तिथल्या डॉक्टरांना दोष गर्भाशयात सापडला. मेरी जोन्सचंही शरीर होतं, नुकतीच बाळंत झालेलं. त्याची तपासणी कुणी केली नाही.

क्लेप्टोमेनिया खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. आज अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात तो आहे. दुकानचोरीत पकडलेल्यांपैकी ४ ते २४ टक्क्यांत तो आढळतो आणि पुरुषांच्या तिप्पट स्त्रियांत आढळतो, असं तो ग्रंथ सांगतो. चार आणि चोवीस यांतलं अंतर बघता मोजणाऱ्यांनाही खात्री नसावी. आणि तिप्पट बायका आजारी असतात, की तिपटीने बायकांनाच डॉक्टरकडे पाठवलं जातं, हा प्रश्न शंभर वर्षं तसाच पडून आहे.

याच लंडनमध्ये काही बायकांना आजाराचंही सोंग नको होतं, दयेचंही. ‘फोर्टी एलिफंट्स’ ही एलिफंट अँड कॅसल भागातली केवळ बायकांची टोळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून जवळजवळ १९५० पर्यंत तिने मोठ्या दुकानांना सळो की पळो केलं. आतून मोठाले खिसे शिवलेले कोट आणि ढगळ लेंगे, बाहेर उभी मोटार, टोळीचे नियम, अटक झालेल्यांच्या घरी पोचवला जाणारा पैसा. १९१०-२० च्या दशकांतली त्यांची राणी ॲलिस डायमंड उंचीने पुरुषांना वाकून बघणारी होती. १९२५ च्या एका मारामारीनंतर ती तुरुंगात गेली. या बायका चोरलेलं स्वतः नेसत नसत, विकत. राहणं मात्र झकपक. बायका घाबरून, लाचारीने किंवा वेड लागून चोरी करतात असं मानणाऱ्या सगळ्यांना यांनी अडचणीत आणलं. ग्रंथांत त्यांचं नाव फार उशिरा आलं, ते बहुधा म्हणूनच.

आपल्याकडे तिसरंच नाव पडलं.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. पैसा आला, बाजार वाढले, स्टेशनं गजबजली. गर्दी आली तशी हातसफाईही आली. इंग्रज पोलिसाने या गर्दीकडे बघून माणसं मोजली नाहीत, जमाती मोजल्या. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. मेजर गंथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथल्या ‘गुन्हेगार जमातीं’ची टिपणं १८८२ मध्ये छापली. कोण कसे राहतात, कोणत्या वेषात फिरतात, बायका काय करतात, याचं हे टाचण फौजदारांच्या टेबलावर गेलं. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागली. हजेरी, परवाना, बोटांचे ठसे, तारेच्या कुंपणाच्या वसाहती. आईबापांपासून मुलं काढून सुधारगृहात ठेवायची तरतूद १८९७ च्या दुरुस्तीतच आली होती. पॅरिसच्या डॉक्टरने चोरी बाईच्या गर्भाशयात शोधली; इथल्या कायद्याने ती गर्भातच धरली. जन्मलेलं मूल चोर असणार हे आधीच ठरलेलं.

मराठीत ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ अशी म्हण आहे. हातात पुरावा असेल त्याला शिकारी म्हणा, इतकी ती सरळ आहे. कायद्याने ती उलटी केली: जो पारधी, त्याच्याच हाती ससा. बाजारात लुगडं कमी भरलं की कापडवाल्याने इकडेतिकडे बघायचं आणि फासेपारध्याच्या बाईकडे बोट दाखवायचं. तिने त्या दिवशी काही विकत घेतलं असेल तर तीच वस्तू पुरावा. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. नजर मात्र कायद्याच्या कागदाबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये ‘उचल्या’ हे आत्मकथन लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने पोलीस हाका मारत, तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. लहानपणापासून अंगावर लादलेली शिवी शीर्षक म्हणून मिरवायला वेगळंच बळ लागतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात भयंकर प्रकरण मात्र अशा कुठल्याच टिपणात बसत नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित. या तिघी यात्रा, देवळं, बसस्थानकं अशा गर्दीत पाकिटं आणि सोनसाखळ्या मारत. १९९० मध्ये एकदा पकडलं गेल्यावर कडेवरच्या लेकराने वाचवलं: तान्हं मूल घेऊन कुणी चोरी करील का, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. ही दया त्यांनी हत्यार केली. १९९६ पर्यंत त्या लहान मुलं पळवत राहिल्या. तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या काहींच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. अंजनाबाई कैदेतच मेली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. वर्तमानपत्रांनी त्यांना कैदाशिणी म्हटलं. त्यांची बाजू घ्यावी असं इथे काहीच नाही. पण सुरुवातीचा तो प्रसंग विसरता येत नाही. मेरी जोन्सला टायबर्नच्या वाटेवर कडेवरच्या मुलाने वाचवलं नाही, आणि इथे वाचवलं.

सोनाळ्याकडे परत येऊ, पण बाजारात नको, रानात. दुकानाच्या चोरीवर एवढं लिहिलं जातं, कारण दुकानाला दार असतं आणि दाराच्या आत काय दुकानदाराचं, बाहेर काय गिऱ्हाइकाचं, हे स्पष्ट असतं. शेताला दार नसतं. पऱ्हाटी फुटली की बाया वेचणीला जातात, पदराची ओटी बांधून. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोमागे वेचाई मिळते. वजन करताना मालक ओटी नीट झटकून घेतो. मूठभर कापूस राहतोच, राहिला पाहिजे असंही काहींना वाटतं. कापसाच्या हंगामात मूठभर कापूस देऊन मुरमुरे, गुडीशेव घेण्याची रीत खेड्यापाड्यांत होती. दुकानदार विचारत नसे कापूस कुणाचा. आणि वेचून, काढून झालेल्या रानात जे राहतं ते वेचणं म्हणजे सरवा. जवारीची पडलेली कणसं, मातीतल्या शेंगा, बोंडातला चिकटलेला कापूस. सरवा हा गरीब बाईचा हक्क की मालकाची मेहेरबानी, हे गावोगाव वेगळं आणि सालोसाल वेगळं.

इंग्लंडात हे कोर्टाने ठरवून टाकलं. १७८७ च्या सुगीत टिमवर्थ गावात मेरी हॉटन नावाच्या बाईने जमीनदाराच्या शेतात सरवा वेचला. त्याने दावा लावला. गरिबाला सरवा वेचण्याचा कायदेशीर हक्क नाही, असं १७८८ मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं. बायबलमध्ये सरवा गरिबांसाठी सोडायला सांगितला आहे, हा बचाव टिकला नाही. लेस चोरणाऱ्या बाईच्या खटल्यापेक्षा मला हा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे बाईचा हात बदलला नव्हता. तीच कणसं, तेच रान, तीच रीत. रेघ तेवढी अलीकडे ओढली गेली आणि बाई पलीकडे उरली. सातपुड्यातल्या बाईला हा अनुभव नवा नाही. वनकायद्याने जंगलाभोवती रेघ मारली आणि आजीच्या डोक्यावरची मोळी नातीच्या डोक्यावर वनोपजाची चोरी झाली.

शेतकऱ्याच्या घरातली बाईही यातून सुटत नाही. नवरा बाजाराला गेला की पायलीभर दाणे किंवा दोन-चार किलो कापूस मागच्या दाराने विकून चार पैसे गाठीला बांधणं ही वऱ्हाडातली फार जुनी, सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणी कबूल न केलेली गोष्ट आहे. सासू सुनेला यावरून चोट्टी म्हणते, आणि स्वतः तेच करून म्हातारी झालेली असते. घाम तिचा, सातबारा नवऱ्याचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली उदाहरणं दिली होती. त्यांतल्या एकात भिक्षेकरी दारात येतो, घरधन्याची बायको त्याला पैसे, अन्न, कपडे देते. ते नवऱ्याचं आहे हे त्याला ठाऊक असतं, पण दान द्यायचा अधिकार बायकोला असेल असं मानायला जागा आहे, म्हणून ती चोरी नाही. मेकॉलेच्या मंडळींनी आखलेल्या कायद्यात बाईचा घरातल्या वस्तूंवरचा हक्क एवढाच आला: भिक्षेकऱ्याला तसं वाटलं तर चालेल.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या चोरीच्या कलमात एक नवी गोष्ट आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. पाच शिलिंगांवर फाशी, पाच हजारांखाली समाजसेवा. सव्वातीनशे वर्षांत पाचाचा आकडा तेवढा राहिला. पण मालाच्या साठवणीच्या इमारतीतून किंवा तंबूतून चोरी झाली तर वेगळं कलम लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणजे सोनाळ्यात पक्क्या दुकानातून उचललेली साडी आणि उघड्या ताडपत्रीवरून उचललेली साडी कायद्याच्या लेखी सारखी नाही. उन्हासाठी वर बांधलेलं पाल तंबूत मोडतं का, हे वकिलांनी बघावं.

लगीनसराईत घडी कमी भरण्याचा प्रश्न निघतो. बस्ता बांधायला वीसेक बाया एकदम येतात. पक्क्या दुकानात गाद्यांवर साड्यांचा ढीग पडतो. ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ अशी पाटी भिंतीवर असते, शेजारी लक्ष्मीचा फोटो. दुकानातलं पोरगं चहा देता देता घड्या मोजत असतं. बाहेर ताडपत्रीवाल्याकडे कॅमेरा नसतो. त्याची पद्धत जुनी आहे. एका बाईपुढे एका वेळी बाराच घड्या काढायच्या, ती उठली की पुन्हा बारा भरायच्या. गावातल्या सोनाजी महाराजांच्या यात्रेत मात्र गर्दीपुढे हा हिशेब टिकत नाही आणि त्यालाही ते कळतं. संध्याकाळी गठ्ठे बांधताना अकराच भरल्या, तर तो आधी चादर झटकून बघतो, मग शेजारच्या ताडपत्रीखाली.